पूर्वेचं दार

सासूबाईंचं आयुष्यभर एकच मागणं होतं. ‘मला माझ्या स्वतःच्या दारातून न्या.’ न्या म्हणजे तिरडीवरून. चहा पिताना, शेंगा सोलताना, पाहुण्यांच्या देखत, कुठंही त्या हे बोलायच्या आणि नव्या पाहुण्याचा कप तोंडाशी जाता जाता थांबायचा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला याचा फार राग यायचा. जिवंतपणीची सोय बघायची सोडून ही बाई मेल्यानंतरच्या प्रवासाचं रिझर्वेशन करते, असं मी नवऱ्याला म्हणायचे. तो कधी हसला नाही.

कारण पुढं कळलं. सासरे कळमनुरीला कारकून होते. दोन खोल्या भाड्याच्या. ते नांदेडच्या दवाखान्यात वारले आणि जीपमधून त्यांना घरी आणलं, तर घरमालक हात जोडून दारात उभा. त्याच्या पोरीच्या लग्नाचा मांडव पडला होता, दुसऱ्या दिवशी हळद होती. माणूस वाईट नव्हता, रडत होता म्हणे. पण ‘वहिनी, आत नका आणू’ एवढंच म्हणत राहिला. मग सासऱ्यांना रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली सतरंजीवर ठेवलं. बाजाराचा दिवस होता. भाजीचे गाडे बाजूनं जात होते, लोक थांबून कोण गेलं म्हणून विचारत होते. सासूबाई त्या धुळीत पदर सावरून बसून राहिल्या. भाड्याच्या घरात माणूस जगू शकतो, मरू शकत नाही, हे त्यांनी तिथं ठरवून टाकलं. हे कळल्यावर मी त्यांना टोमणे मारणं बंद केलं.

आम्ही हिंगोलीत आलो तेव्हाही भाड्यानंच राहिलो. एक घर सोडलं की दुसरं. नवरा सरकारी कचेरीत, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर. मुलगी शिकून पुण्याला गेली तेव्हा कुठं आमचा हात जरा मोकळा झाला. मी माझ्या पाटल्या मोडल्या, नवऱ्यानं फंडातून पैसे काढले, उरलेल्याचं बँकेनं बघितलं. गावाबाहेर एका बिल्डरची रो-हाऊसची स्कीम सुरू होत होती. एका ओळीत आठ घरं. त्याच्या ब्रोशरवर नारळाची झाडं होती आणि एक गोरी बाई पळत होती. हिंगोलीत कुठली बाई अशी पळते, मी अजून बघितलेली नाही.

पहिल्यांदा साइट बघायला गेलो तेव्हा जमिनीवर नुसत्या फक्कीच्या रेघा होत्या. पश्चिमेला डांबरी रस्ता, विजेचे खांब, नगरपालिकेची नाली. पूर्वेला दुसऱ्या कुणाचं तरी हळदीचं रान. बिल्डर तरुण होता, गोड बोलायचा, सासूबाईंच्या पाया पडला. त्यानं हात करून दाखवलं, इथं हॉल, इथं किचन आणि मेन दार हे असं, रस्त्याकडं.

सासूबाईंनी पदरानं डोळ्यांवर सावली धरून आधी सूर्य कुठं आहे ते बघितलं. “म्हणजे पश्चिमेला तोंड? अहो, मी जन्म दुसऱ्याच्या दारात काढला. स्वतःचं घर घ्यायचं आणि तेही उलट्या तोंडाचं काहून घ्यायचं?”

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. मी शाळेत पोरांना शास्त्र शिकवते, पण पश्चिमेच्या दाराला मीही नाक मुरडलं. नवरा तेवढा म्हणाला की रस्ता तर इकडंच आहे. त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

बिल्डर हसला. “काकू, सगळे हेच म्हणून राहिलेत. पश्चिमेचं घर आपल्या हिंगोलीत फुकट दिलं तरी कुणी घेईना. तुमी नुसतं बोट दाखवा, दार तिकडं.”

सासूबाईंनी बोट दाखवलं. पुढच्या वेळी गेलो तर नकाशा फिरला होता. हॉल पूर्वेला, स्वयंपाकघर मागं डांबरी रस्त्याकडं आणि पूर्वेच्या दारासमोर चांगला रुंद रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं काढलेली. आम्ही आठही घरांनी एकमुखानं पूर्व मागितली होती आणि त्यानं ती आम्हाला दिली. ज्या जमिनीवरून तो रस्ता काढला होता ती कुणाची, हे आठातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. बँकेचा माणूस आला, त्यानं पश्चिमेचा पक्का रस्ता बघितला, मान डोलावली आणि गेला. वकिलानं घराखालच्या जागेचे कागद तपासले, ते बराबर होते. चूक कुणी केलीच नाही, असंच अजून सगळे म्हणतात.

घर चढत गेलं तशा सासूबाई उजळत गेल्या. रविवारी त्यांना ऑटोनं तिकडं न्यायचं हा नेमच झाला. विटांच्या ढिगावर बसून त्या गवंड्यांशी बोलत बसायच्या, आणि दाराची चौकट बसली त्या दिवशी त्यांनी तिला हळद-कुंकू लावून माझ्याकडून पेढे वाटवले. चौकट सागवानी हवी हा हट्टही त्यांचाच. रुंदी त्यांनी दोन्ही हात पसरून मापली. कशासाठी ते त्या बोलल्या नाहीत. मला कळलं आणि गवंड्यालाही कळलं असणार, कारण त्यानं मान खाली घातली.

वास्तुशांतीची घाई आम्हीच केली. वैशाखातला मुहूर्त हुकला तर थेट मार्गशीर्ष, असं गुरुजी म्हणाले. घराला तेव्हा खिडक्यांच्या काचा नव्हत्या, विजेचं मीटर नव्हतं, आतल्या प्लास्टरला ओल होती. तरी बिल्डर म्हणाला, करा की, आपलंच घर आहे, राहिलेलं काम मागून होत राहील. एवढ्या खुशीनं बिल्डर होय म्हणतो तेव्हा माणसानं सावध व्हायला पाहिजे. पण आमच्या घरात त्या दिवसांत सनईच वाजत होती.

होम झाला, दूध उतू गेलं, वास्तुपुरुष पुरला. बिल्डरनं चांदीच्या तबकात किल्ली ठेवून सासूबाईंच्या हातात दिली आणि त्याच्या माणसानं मोबाइलवर फोटो काढले. सासूबाई त्या फोटोत नव्या नवरीसारख्या लाजलेल्या आहेत.

शेजारी म्हणून नवऱ्यानं त्या हळदीच्या रानाच्या मालकालाही जेवायला बोलावलं होतं. धोतर-सदऱ्यातला, साठीचा माणूस. पंगतीत बसून मुकाट जेवला. हात धुऊन विडा घेतला आणि मग नवऱ्याजवळ आला. मी तिथंच पानं उचलत होते.

“सायेब, तुमी मानानं बलावलं, म्हणून सांगून जातो. तुमच्या पायऱ्या माझ्या रानात हायत. अन् म्होरला रस्ता म्हणून जे दावलंय ना, ते बी माझंच रान हाय. त्यानं मला इचारलं न्हाई, म्या इकलं न्हाई.”

“अहो, पण नकाशात तर रस्ता आहे,” नवरा म्हणाला.

“नकाशा त्याचा हाय. रान माझं हाय.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “औंदा बेणं आणून ठिवलंय, हळद लावतो. हळद निघाली का भिंत घालणार. मंग म्हणू नका, सांगितलं न्हाई म्हणून.”

एवढं बोलून तो सासूबाईंना हात जोडून निघून गेला. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, आत्ता आईंना काही सांगू नका. जिलेबीची ताटं फिरत होती, बिल्डर दुसऱ्या पंगतीला आग्रह करकरून वाढत होता.

त्या दिवसानंतर साइटवर एकही कामगार दिसला नाही. काचा आम्ही बसवल्या, मीटरसाठी नवऱ्यानं खेटे घातले. वास्तू झालेलं घर रिकामं ठेवू नये म्हणून सासूबाई पाऊस लागायच्या आतच तिथं राहायला गेल्या, आणि त्यांच्यामागून आम्हीही गेलो. दारासमोर पायऱ्यांना टेकून हळद उगवली. पानं मोठी झाली, वारा आला की दारावर घासायची. सासूबाईंना ते फार आवडायचं. दारातच हिरवंगार, म्हणायच्या. आमची ये-जा पायऱ्यांच्या कडेनं चिखलातून व्हायची, आणि रस्ता कधी होणार असं त्यांनी विचारलं की आम्ही दोघं पावसावर ढकलायचो.

शेवटी त्यांना सांगावं तर लागलंच. सगळी घरं मिळून बिल्डरच्या ऑफिसात गेली त्या दिवशी त्याही हट्टानं आल्या. बिल्डरनं पंखा त्यांच्याकडं वळवला, चहा मागवला. आणि मोबाइल काढून तो तबकातल्या किल्लीचा फोटो आम्हाला दाखवला.

“ताबा तुमी घेतला का न्हाई? वास्तू केली, मी बी जेवलो. आता जे काय हाय ते तुमचं अन् त्या शेतकऱ्याचं. मी पण तकलीफमध्येच हाय, मॅडम. आणि दार पूर्वेला करा, कोण म्हणलं होतं?”

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, मास्तरणीच्या तोंडी शोभत नाही. बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना सासूबाईंनी माझा दंड धरला. “बोट मीच दाखवलं की गं,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आई, बोट दाखवलं म्हणून कुणी दुसऱ्याच्या रानात दार उघडून देतं का? पण त्यांच्या मनातून ते गेलं नाही. त्यानंतर बिल्डरचा फोन बंदच लागायला लागला. नांदेडच्या बाजूला त्याची नवी स्कीम उभी राहिली आहे, असं ऐकलं.

दिवाळीनंतर सासूबाईंचं जेवण तुटलं. पोटात गाठ निघाली. नांदेडला नेलं, तपासण्या झाल्या, ऑपरेशन करण्यासारखं राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी न्या, म्हणाले. येताना गाडीत त्या चक्क खूश होत्या. घरी न्या असं कुणीतरी त्यांच्याबद्दल म्हणालं होतं आणि नेण्यासाठी घर होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले, माझ्याच्यानं त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

माघ सरता सरता हळद निघाली. रानात कढया लागल्या, शिजत्या हळदीचा वास घरभर भरून राहिला. आणि मग विटांचे ट्रॅक्टर आले. त्या माणसानं आधी आमच्या पायऱ्या फोडल्या, मोजणीची खूण दाखवून फोडल्या, आणि रेघेवर भिंत उचलली. माणसाच्या डोक्याच्या वर. दारातून हात लांब केला की बोटं विटांना लागायची. भिंत आणि घर यांच्यात एक माणूस अंग चोरून, आडवा होऊन जाईल इतकीच फट राहिली. सूर्य आमच्या पूर्वेच्या घरात यायचा बंद झाला. सगळी आठ घरं मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं जायला-यायला लागली, आणि पाहुणा आला की आधी खरकट्या भांड्यांवरून, मग मोरीवरून हॉलमध्ये यायचा.

सासूबाईंची खाट हॉलमध्येच होती, दाराकडं तोंड करून. भिंतीचा एकेक थर चढताना त्यांनी पडल्या पडल्या बघितला. गवंडी ओळंबा लावत होते, त्या बघत होत्या. मला दार लावून घ्यावंसं वाटायचं. त्या लावू द्यायच्या नाहीत.

एक दिवस त्यांनी नवऱ्याला जवळ बसवलं. “इथून तिरडी वळेल का रे?”

त्यानं दाराकडं बघितलं.

“मागच्या दारानं मला नेऊ नका. मागच्या दारानं खरकटं जातं. आणि भिंतीवरूनही देऊ नका, ट्रकमध्ये पोती चढवल्यासारखी.” हे त्या हसत म्हणाल्या, आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

त्याच संध्याकाळी तो त्या शेतकऱ्याकडं गेला. सोबत मीही गेले. सगळं सांगितलं. त्या वेळेपुरती दारासमोरची चार हात भिंत काढू द्या, आम्ही स्वखर्चानं परत बांधून देऊ, म्हणालो. त्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं मात्र बराच वेळ तंबाखू मळली.

“बाई, मला काय मयत आडवायची हौस न्हाई. पर एकदा हितून वाट दिली का त्यो बिल्डर कोर्टात म्हणंल, बघा, वहिवाट हाय. वकील म्हणून राहिला, एक वीट हालू देऊ नका. माझी बी दोन लेकरं ह्याच रानावर हायत.” मग खाली बघत म्हणाला, “म्हातारीला माझा दंडवत सांगा.”

त्याला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. पण त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, हे कळत होतं, आणि त्यानं राग आणखीच वाढत होता. राग धरायला समोर माणूस हवा असतो. आमचा माणूस फोन बंद करून बसला होता.

घरी आलो. सासूबाईंनी आमच्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा दाराकडं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. नवरा औषध आणायला गेला होता. “मला न्हाऊ घाल,” म्हणाल्या. उठवायलाच दोन माणसं लागत होती, पण मी एकटीनं त्यांना मोरीत नेलं, न्हाऊ घातलं. वजन असं उरलंच नव्हतं. मग त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं मागितलं. मी म्हटलं, आई, हे काय चाललंय?

“मेल्यावर माणूस लाकडासारखं होतं, वळत नाही,” त्या म्हणाल्या. “आत्ता वळते मी. आत्ताच ने.”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी नाही म्हटलं, रडले, ओरडलेही त्यांच्यावर. हे येईपर्यंत तरी थांबा, म्हटलं. तो आला की त्याच्याच्यानं व्हायचं नाही, त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. मग म्हणाल्या, “एवढं कर माझं.” पंचवीस वर्षांत त्या बाईनं माझ्याकडं स्वतःसाठी एवढं एकच मागितलं होतं.

उंबऱ्याला त्यांनी हळद-कुंकू वाहिलं. वाकता येत नव्हतं, म्हणून मी त्यांचा हात धरून खाली नेला. देवाकडं बघून झालं. मग आम्ही पूर्वेच्या दारातून बाहेर पडलो. पायऱ्या नव्हत्या, मी आधी खाली उतरले आणि त्यांना कडेवर घेतल्यासारखं उतरवून घेतलं. पाठ भिंतीला, तोंड घराकडं, असं आडवं आडवं सरकत निघालो. ओल्या सिमेंटचा वास येत होता, विटांनी माझी पाठ खरवडली गेली. त्या मध्येच थांबल्या, दम घेतला, आपल्याच घराच्या भिंतीवर तळहात टेकवला आणि म्हणाल्या, “गिलावा चांगला केलाय.” ओळीतलं शेवटचं घर ओलांडून, वळसा घालून डांबरी रस्त्यावर आलो. शेजारीण धावत आली, तिनं खुर्ची आणली, मी ऑटो बोलावला.

“सरकारी दवाखान्यात ने आता,” त्या म्हणाल्या. “आणि तिथून मला परत इथं आणायचं नाही. मी निघाले इथून.”

नवरा दवाखान्यातच आम्हाला येऊन भेटला. मी त्याला सगळं सांगितलं. तो आईच्या पायाशी बसला, उठलाच नाही. आठवडाभरात त्या गेल्या. वॉर्डातल्या नर्सनं नेहमीप्रमाणे विचारलं, बॉडी घरी नेणार ना? नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, नाही, इथूनच. मग आम्ही त्यांना दवाखान्यातून सरळ स्मशानात नेलं. वाटेत कुठंही थांबलो नाही.

परभणीहून नणंद थेट तिथंच आली. सगळ्या लोकांसमोर माझ्यावर तुटून पडली. स्वतःचं बांधलेलं घर असताना माझ्या आईला बेवारशासारखं दवाखान्यातून नेलंत, बाबांसारखंच केलंत, म्हणाली. नातेवाईक मान हलवत होते. तिची चूक नव्हती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हणाले, “आई आपल्या दारातूनच गेल्या. मी धरलं होतं त्यांना.” कुणाला काही उमगलं नाही आणि मला समजावून सांगण्याची ताकद नव्हती.

आम्ही अजून त्याच घरात आहोत. केस चालू आहे, तारखा पडतात. विकायचं म्हटलं तर घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी दार कुठल्या दिशेला ते विचारतो, मग ते उघडून बघतो आणि निघून जातो. आम्ही दोघं मात्र ते उघडत नाही. त्यातून जाणारं माणूस गेलं.